हाकेला ओ : बाळातील स्वमग्नतेची चाहूल

वर्षाच्या उंबरठ्यावरील बाळाने हाकेला मान वळवली नाही, की आईला प्रथम शंका येते ती कानांची. ती टाळी वाजवते, वाटी आपटते. बाळ दचकते, नावाला मात्र ओ देत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "याचा बापही उशिराच बोलला." कित्येकदा ते खरेही ठरते, परंतु तेवढ्यावर विसंबून राहणे उचित नव्हे.

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या विकासातील भिन्नता होय. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांतून तिचे वर्णन केले. पुढे काही दशके आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. शास्त्राने तो कलंक पुसला असला, तरी आपल्या समाजातून तो अद्याप गेलेला नाही.

२०१३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक महत्त्वाची गोष्ट आढळली. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांची डोळ्यांत पाहण्याची वृत्ती आरंभी इतरांसारखीच होती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांत ती हळूहळू ओसरत गेली. मात्र हे टिपण्यास सूक्ष्म यंत्रे लागली. म्हणून तीन महिन्यांच्या बाळाची नजर निरखत मातेने रात्री जागवू नयेत.

लक्ष द्यावे ते पुढील गोष्टींकडे. बारा महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद, बडबड आणि 'टाटा' करण्यासारखे हावभाव नसणे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे. दीड वर्षापर्यंत आवडीची वस्तू बोटाने न दाखवणे. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द वा हसू हरपणे. यांतील एखादे लक्षण म्हणजे निदान नव्हे. तपासणीस ते पुरेसे कारण मात्र आहे. पहिली तपासणी श्रवणाची, कारण वाटीच्या आवाजाला दचकणाऱ्या बाळालाही बोलण्यातील काही स्वर ऐकू येत नसतील.

लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावी आणखी एक समजूत आढळते. घरात मराठी, शेजारी कोकणी, बाहेर कन्नड आणि हिंदी. "इतक्या भाषांत बाळ गोंधळले" असे म्हणून वर्ष निघून जाते. अनेक भाषा कानी पडल्याने स्वमग्नता येत नाही. शिवाय चांदोबाकडे बोट दाखवायला कोणतीच भाषा लागत नाही! म्हणून सीमाभागातील डॉक्टरांनी शब्द मोजण्यापूर्वी हावभाव पाहावेत. उपचारांसाठी घरची भाषा सोडण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. आई ज्या भाषेत सहज लाड करते, तीच बाळाची पहिली शाळा.

निरीक्षणाची उत्तम संधी लसीकरणाची. गोवर-रुबेलाच्या मात्रा नऊ ते बारा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत येतात. लक्षणे ध्यानात येण्याचा काळही हाच. या योगायोगातून लसीवर आळ आला. तो पसरवणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. लस जरूर द्यावी आणि त्याच भेटीत दोन मिनिटे बाळाशी खेळावे. सोळा ते तीस महिन्यांसाठीची एम-चॅट प्रश्नावली आईच्या भाषेत विचारता येते.

शंका उरल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. लोंढ्याहून बेळगाव पन्नासेक किलोमीटरवर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून विकासातील विलंबाच्या तपासणीची तरतूद आहे. वाचा-श्रवणासाठी म्हैसूरची अखिल भारतीय संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आहे. निदान होईपर्यंत मात्र हातावर हात ठेवून बसू नये. पडदे बंद करून बाळासमोर बसावे, त्याच्या खेळात सामील व्हावे, त्याच्या आवाजाला आवाज द्यावा. निदान काहीही ठरो, यात तोटा कुणाचाच नाही.

डॉक्टर बंधुभगिनींना एवढीच विनंती : "बाळ माझ्याकडे बघत नाही" हे आईचे वाक्य केस पेपरवर तारखेनिशी लिहावे. 'होईल सगळे ठीक' हा धीर आहे, तपासणी नव्हे.