सरळ रेषांचा कंस

शिर्डी विमानतळ प्रत्यक्षात कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. 1 ऑक्टोबर 2017 रोजी त्याचे उद्घाटन झाले. नकाशावर काकडीला परकाराचे टोक ठेवून 12 सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. शिर्डी, राहाता, लोणी आत राहतात आणि संगमनेर जवळजवळ रेघेवर येते. हा विमानांचा अधिकृत मार्ग नव्हे, समजण्यापुरते उदाहरण आहे.

धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पुण्याकडून आलेल्या विमानाला पश्चिमेकडून उतरायचे आहे आणि खाली ढग दाटलेत. अशा वेळी अनेक विमानतळांवर वैमानिक 'डीएमई आर्क' धरतात. केंद्रापासूनचे अंतर कायम ठेवत वळसा घालायचा आणि धावपट्टीच्या रेषेत यायचे.

अंतर मोजतात रेडिओ स्पंदने. विमानाने पाठवलेल्या स्पंदनांच्या जोडीला जमिनीवरचे डीएमई यंत्र ठरल्याप्रमाणे 50 मायक्रोसेकंद थांबून उत्तर देते. उरलेल्या वेळात दर 12.36 मायक्रोसेकंदांना एक सागरी मैल. आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत, ते जमिनीवरचे दुसरे रेडिओ यंत्र, व्हीओआर, सांगते.

वेग 150 नॉट, म्हणजे तासाला 150 सागरी मैल असेल, तर अंतराचा आकडा 12 वर येण्याची वाट पाहून चालत नाही. सेकंदाला तीन अंश या वेगाने काटकोनात वळायला अर्धे मिनिट लागते, म्हणून पाऊण मैल आधीच, 12.8 च्या सुमारास, विमान डावीकडे वळवायचे. आता केंद्र उजव्या पंखाच्या टोकाकडे.

घाण्याच्या बैलाला आडवे लाकूड धरून ठेवते. विमानाला धरणारे काही नसते. नाक न वळवता स्पर्शरेषेवर जात राहिले, तर दहा अंश पुढे जाईपर्यंत विमान सुमारे साडेतीनशे मीटर बाहेर सरकते. म्हणून दर दहा अंशांनी, म्हणजे साधारण 50 सेकंदांनी, नाक दहा अंश आत घ्यायचे. वारा बाहेर ढकलत असेल, तर थोडे जास्तच. पश्चिमेची दिशा यायला चारेक अंश बाकी असतानाच उजवे वळण सुरू होते आणि विमान धावपट्टीच्या रेषेत येते.

म्हणजे वैमानिक हाताने जो कंस उडवतो, तो खरे तर छोट्या सरळ रेषांचा असतो. आधुनिक विमानांत उपग्रहांच्या आधारे संगणक गुळगुळीत कंस उडवतो, पण चूक मोजायची आणि लगेच सुधारायची, हे तत्त्व तिथेही तेच. संगणक ती फार लवकर पकडतो, इतकेच.