दंड नको, नक्कल करा!

ट्रॅफिक म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सिग्नल, स्पीड ब्रेकर आणि हवालदाराची शिट्टी! आम्हा सिव्हिलवाल्यांच्या पुस्तकात रस्त्याची रुंदी असते, वळणाची त्रिज्या असते; पण माणसाला चारचौघांत लाज वाटते, हे कुठल्याच फॉर्म्युल्यात नसतं. कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिथे मात्र हीच लाज कामाला लावली गेली.

१९९५ साली अंतानास मोकुस तिथले महापौर झाले. मूळचे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक! तेव्हा शहरात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे १३०० माणसं मरत होती. मोकुस यांनी चक्क २० माइम कलाकार रस्त्यावर उतरवले. तोंडाला पांढरा रंग, हातात ना शिट्टी ना पावतीपुस्तक. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी गाडी घुसवली की हे लोक त्याची नक्कल करणार, बघे खो खो हसणार आणि गाडीवाला गपचूप मागे सरकणार. मध्येच धावणारे पादचारीही यातून सुटले नाहीत. प्रयोग इतका चालला की आणखी ४०० जणांना शिकवून तयार केलं.

याशिवाय जिथे पादचारी मेले, तिथे रस्त्यावर तारे रंगवले. असे तारे सुमारे १५०० होते.

पुढच्या दहाएक वर्षांत मृत्यू ६०० च्या आसपास आले. सगळं श्रेय कलाकारांचं नाही, हेही खरं. बार रात्री एक वाजता बंद करायचा नियम आला, नंतर फुटपाथ सुधारले, २००० साली ट्रान्समिलेनिओ बस सुरू झाली. पण रस्त्यावर पायी चालणाऱ्याचाही हक्क आहे, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात आधी त्या मुक्या कलाकारांनीच घातली.

मला यातली एक गोष्ट फार पटली. दंड श्रीमंताला परवडतो, गरिबाला नाही. हसं मात्र दोघांचं सारखंच होतं!

आपल्या गेटसमोरही पांढरे पट्टे आहेत, पण थांबतं कोण? गॅदरिंग संपलं की ड्रामा ग्रुप रिकामाच असतो. ट्रॅफिक पोलिसांची परवानगी काढून एक संध्याकाळ करून बघूया का? आधी किती गाड्या थांबत होत्या आणि नंतर किती थांबल्या, ते मोजायला वही घेऊन मी बसतो.