अदिन्नादान आणि ग्रंथांचा उचित वापर

बारामती व इंदापूर परिसरातील विहारांत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्यातील उतारे स्मरणिकेत छापावयाचे म्हटले की कार्यकर्त्यांपुढे प्रश्न उभा राहतो: परवानगी कोणाची घ्यावी? जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे दुसरे शील आपण नित्य ग्रहण करतो. म्हणून काय दिलेले आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

१९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, टिकतो. पूर्वीची ५० वर्षांची मुदत १९९२ साली वाढविण्यात आली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्क २०१६ अखेर संपला. वरील ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्याची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते व ती २०१७ अखेर संपली. मराठी अनुवादावर मात्र अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

हक्क शिल्लक असतानाही प्रत्येक वापर निषिद्ध नाही. कलम ५२ अन्वये खासगी अभ्यास, संशोधन, टीका व समीक्षण यांसाठी उचित वापर करता येतो. प्रसिद्ध ग्रंथातील वाजवी उतारे सभेत वाचता येतात. यासाठी परवानगी लागत नाही.

येथे महाडचे स्मरण होते. चवदार तळे १९२४ सालीच नगरपालिकेच्या ठरावाने खुले झाले होते. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी कोणाचीही मर्जी न विचारता तेथील पाणी प्राशन केले. न वापरलेला हक्क हळूहळू दुसऱ्याची मेहेरबानी होऊन बसतो. आपल्याच ग्रंथावरील कठोर टीकेला अनुमती कोण देईल? प्रत्येक उताऱ्यासाठी परवानगी मागण्याची सवय जडली, तर चिकित्साच थांबेल.

मात्र मुभा म्हणजे लूट नव्हे. वामनदादा कर्डक २००४ साली कालवश झाले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. त्यांचा अख्खा गीतसंग्रह न विचारता छापून विकणे हे अदिन्नादानच होय. आणि हक्काची मुदत संपली तरी लेखकाचे नाव देणे व त्याच्या शब्दांत फेरफार न करणे, हे कर्तव्य संपत नाही. जेथे मागावयास हवे तेथे आपण अवश्य मागावे. जे कायद्याने दिलेले आहे, ते निर्भयपणे वापरावे.