दुखणं सांध्याचं की नसेचं?

मंडळी, इथं मुखेडात बसलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांना 2006 सालची चिकुनगुनियाची साथ आठवत असेल, महाराष्ट्रभर होती. ताप काही दिवसांत उतरायचा, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्महिने धरून राहिले. 'ताप गेला की, मग आता कशाला कण्हता?' असं घरचेच म्हणायचे. म्हातारा नाटक करतो, हा निकाल!

देकार्तला नस घंटेच्या दोरीसारखी वाटली. पायाला चटका बसला, दोरी ओढली गेली, मेंदूत घंटा वाजली. आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो. पण या दोरीला कान आहेत! विषाणूशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. निरोप घेणारी प्रथिनं म्हणजे रिसेप्टर. ती पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींवरही असतात. टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-6 यांचा निरोप तिथं पोचला की पेशी हळवी होते. एरवी न दुखणारी हालचालही दुखते. चिकुनगुनियानंतर दुखणं लांबलेल्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-6 जास्त आढळलेलं आहे. म्हाताऱ्याचं नाटक नव्हतं ते.

बरं, हे कान आजारपणात नव्यानं फुटतात असंही नाही. उंदरांच्या कोवळ्या संवेदी पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तेव्हा इंटरल्युकिन-6च्याच घराण्यातल्या एलआयएफनं त्यांना जगवलं. लहानपणी जगवणारं घराणं, मोठेपणी दुखवणारं!

संधिवातावरचं टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-6ला गाठत नाही, त्याचा रिसेप्टरच अडवतं. निरोप निघतो, पण ऐकणारा कान बंद.