वस्तू घडवणाऱ्यांचा युरोप

स्वीडनच्या उत्तरेकडच्या शेलेफ्तेओ शहरात 2021च्या डिसेंबरात नॉर्थव्होल्टच्या कारखान्यातून पहिला बॅटरी सेल बाहेर पडला, तेव्हा चिनी बॅटऱ्यांना युरोपचं उत्तर मिळाल्याचा आनंद मोठा होता. टेस्लातून बाहेर पडलेल्या पीटर कार्लसन यांनी 2016मध्ये सुरू केलेल्या या कंपनीकडे भागभांडवल आणि कर्ज मिळून सुमारे 1,500 कोटी डॉलर जमले. पण नमुन्याचा एक सेल बनवणं वेगळं आणि रोज हजारो सेल एकाच दर्जाचे काढणं वेगळं. यंत्रं बरीचशी आशियातून आली. ती चालवणारा मुरलेला हात मात्र युरोपात नव्हता. माल वेळेत मिळेना, म्हणून जून 2024मध्ये बीएमडब्ल्यूने 200 कोटी युरोंची मागणी रद्द केली. मार्च 2025मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भांडवल आधी आणि कसब नंतर, हा क्रमच घातक ठरला.

केंब्रिजच्या रास्पबेरी पायचा प्रवास उलट दिशेने झाला. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी तळहातावर मावणारा स्वस्त संगणक तयार केला. दहा हजार खपले तरी पुष्कळ, असा त्यांचा अंदाज होता. 29 फेब्रुवारी 2012ला विक्री खुली झाली आणि पहिल्याच दिवशी लाखभर मागण्या आल्या! सुरुवातीचा माल चीनमध्ये बनला, पण त्याच वर्षी उत्पादन वेल्समधल्या पेनकोएडला, सोनीच्या कारखान्यात आलं. एके काळी टीव्ही बनवणारा हा कारखाना. कसब तिथे आधीपासूनच होतं. शिवाय काही बिघडलं, तर केंब्रिजचा अभियंता त्याच दिवशी तिथे पोचू शकतो. जून 2024मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली, तोवर सहा कोटींहून अधिक संगणक विकले गेले होते.

प्रागच्या योसेफ प्रुशा यांनी तर साच्यांचा बराचसा खर्चच टाळला. त्यांच्या थ्रीडी प्रिंटरचे अनेक प्लास्टिकचे भाग त्यांच्याच प्रिंटरांनी छापले. रचना बदलली की लगेच नवा भाग तयार!

अशा छोट्या उत्पादकांना जाच आहे तो कागदपत्रांचा. उपकरण युरोपीय निकष पाळतं हे सांगणारी सीई खूण एकदा लावली की युरोपीय संघाच्या 27ही देशांत चालते. पण भंगारात गेलेल्या उपकरणाची जबाबदारी उत्पादकाची, आणि त्यासाठी माल विकायच्या प्रत्येक देशात वेगळी नोंदणी, वेगळा अहवाल. मोठ्या कंपनीला हे पेलतं. चौघांच्या कंपनीचा जीव यातच मेटाकुटीला येतो.

तरीही काही नियम छोट्यांच्या पथ्यावर पडतात. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनने 2015मध्ये ग्राहकाला घरीच उघडून सुटे भाग बदलता येतील असा फोन आणला. आता 20 जून 2025पासून युरोपीय संघात नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. बड्या कंपन्यांना जे आता करावं लागतंय, त्याचा सराव फेअरफोनला दहा वर्षांचा आहे.

म्हणून हे नियम सैल करू नयेत. भंगाराच्या जबाबदारीसाठी एका देशात केलेली नोंदणी सत्तावीसही देशांत ग्राह्य धरावी, एवढी तरतूद मात्र ब्रसेल्सने लवकरात लवकर करावी.