तुळशीशेजारची सदाफुली

आपल्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या आसपास सदाफुली आपोआप उगवते. मूळची ती मादागास्करची. तिच्या पानांतून १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन आज बालकांच्या रक्तकर्करोगावर दिले जाते.

अशा सर्व औषधांना आपण सरसकट ‘केमो’ म्हणतो आणि त्या एका शब्दानेच घराचा धीर सुटतो. वस्तुतः ती एका जातीची नव्हेत. कर्कपेशी वाढते ती विभाजनाने. त्या वेळी पेशीत सूक्ष्म नलिकांचे जाळे उभे राहते आणि गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. सदाफुलीतील द्रव्ये हे जाळे उभेच राहू देत नाहीत. यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल याउलट, उभे राहिलेले जाळे मोडू देत नाही. दोन्हींचा परिणाम एकच: पेशी अडकून मरते.

टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये मन्रो वॉल यांच्यासह अमेरिकेत उलगडणारे मनसुख वाणी हे खानदेशातील नंदुरबारचे. याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातील कॅम्प्टोथेसिन जगापुढे आणले. सह्याद्रीतील नरक्यातही ते सापडते. डीएनएचा पीळ सैल करताना कापलेला धागा पुन्हा जोडला जातो. त्यापासून केलेली औषधे ही जोडणीच रोखतात.

म्हणूनच अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र दिली जातात. एका वाटेने निसटलेली पेशी दुसरीवर सापडावी, हा हेतू. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही झपाट्याने विभागतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात. दोन फेऱ्यांमधील दिवस या पेशींना सावरण्यासाठी असतात.

हा हिशोब कोणी समजावून न दिल्याने रोगी उपचार अर्ध्यावर सोडतो आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याने सदाफुलीची पाने चावू लागतो. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. औषध मिलिग्रॅममध्ये मोजून केवळ शिरेतून दिले जाते. पाने चावून ती मात्रा मिळत नाही, पानांतील इतर द्रव्यांचा अपाय मात्र पदरी पडतो. त्रास असह्य झाल्यास तो डॉक्टरांना सांगावा. त्यावर उपाय असतात. आपल्या मनाने फेरी चुकवू नये. रोग्यापाशी बसून हे चार शब्द समजावणे, एवढे तरी प्रत्येक रुग्णालयाने आपले कर्तव्य मानावे.