बैठक उठण्याआधी वही वाचून घ्या



आज आपण आपल्याच बैठकीचा हिशोब करू. समजा, गटात बारा जणी आहेत आणि दर आठवड्याची बैठक दीड तास चालते. बारा जणींचे दीड-दीड तास म्हणजे अठरा तास. आठ तासांचा एक रोज धरला तर एका बैठकीला सव्वादोन रोज लागले. वर्षाचे बावन्न आठवडे धरा, ११७ रोज होतात. एवढ्या रोजात एखाद्या शेतकऱ्याच्या कितीतरी एकरांची खुरपणी होते. म्हणजे बैठक फुकट नसते, बायांनो. तिला आपण आपल्या वेळेने पैसे मोजतो. मग त्या दीड तासात काय पदरात पडतं, हे विचारायला नको का?

बऱ्याच गटांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चार जणी वेळेवर येतात, बाकीच्यांची वाट बघतात. कोणी पैसे दुसरीच्या हाती पाठवते. पासबुकावर आकडा पडला की एकेक जण पदर खोचून उठते, चुलीवर आधण ठेवलंय म्हणते. शेवटी अध्यक्ष, सचिव आणि शेजारची एक एवढ्याच उरतात. वही सचिवताई घरी नेते, रात्री लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी तिची मुलगी घरोघर सह्या घेत फिरते. वहीत मात्र ‘बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, सर्व विषय सर्वानुमते मंजूर’ असं छान लिहिलेलं असतं.

आता यात बिघडलं कुठं, ते सांगते.

आपल्याकडे गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ साली सुरू केलं, तेव्हा त्यात एक वेगळीच गोष्ट मान्य केली गेली. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, अंगावर डाग नाही, तिलाही गटातून कर्ज मिळू शकतं. आजही गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग बँक भरवसा ठेवते कशावर? साहेब गटाची वही मागतात. बैठका नियमित झाल्या का, हजेरी किती, बचत किती, परतफेड वेळेवर आली का, एवढंच बघतात. म्हणजे आपली जमीन, आपला दागिना, जे काय म्हणाल ते, ती वहीच आहे. उमेदच्या ताई दशसूत्री सांगतात, त्यात पहिलं सूत्र नियमित बैठक आणि पाचवं अद्ययावत लेखे आहे, ते उगीच नाही.

आणि तिची दुसरी बाजूही आहे. गटाने कर्ज घेतलं की ते साऱ्या गटावर बसतं. एका गावातली गोष्ट आहे, गावाचं नाव घेत नाही. गटाला बँकेचं कर्ज मिळालं, ते तिघींनीच वाटून घेतलं, आणि त्यांच्याकडून हप्ते थकले. नोटीस आली ती साऱ्या गटाला. बाकीच्या म्हणाल्या, आम्ही तर रुपयाही बघितला नाही. पण ठरावावर त्यांचे अंगठे होते. कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. बैठक संपताना वही पुढं सरकली होती आणि त्यांनी अंगठा उमटवला होता, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. वही बैठकीतच लिहायची, आणि उठण्याआधी मोठ्याने वाचायची. ती वाचून झाल्यावर सही किंवा अंगठा. जिला वाचता येत नाही तिचे कान तर शाबूत आहेत ना! वाचणारी सचिवच असावी असंही नाही. आठवी-नववीतली कोणा सभासदाची मुलगी बसवा, ती घडाघडा वाचते. कोऱ्या पानावर सही नको. बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपवर आधीच सह्या करून ठेवायची सवय काही गटांत आहे, तीही नको, मग सचिव सख्खी बहीण असली तरी.

वहीत काय लिहायचं, याचं एक उदाहरण घेऊ. एका ताईला लेकीच्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये हवेत. वहीत लिहिलं, ‘कर्जावर चर्चा झाली, ५,००० रुपये मंजूर, व्याज दोन टक्के.’ लिहिलं तर खरं, पण त्यातून कळलं काय? दोन टक्के महिन्याला की वर्षाला? किती महिन्यांत फेडायचं? आणि सर्वांत मोठं, व्याज कशावर?

बघा हं. दहा महिन्यांत फेडायचे, दरमहा ५०० रुपये मुद्दल. व्याज महिन्याला शेकडा दोन. पहिल्या महिन्यात ५,००० वर १०० रुपये व्याज. ५०० फेडले की उरले ४,५००, त्यावर ९० रुपये. मग ८०, मग ७०, असं उतरत उतरत दहाव्या महिन्यात १० रुपये. सगळं मिळून ५५० रुपये व्याज झालं. पण तेच कोणी ‘दर महिन्याला शंभर’ असं धरून वसूल केलं तर दहा महिन्यांत १,००० रुपये होतात. दोघांनाही आपण तोंडाने दोन टक्केच म्हणतो! साडेचारशे रुपयांचा फरक, आणि तो ठरतो वहीतल्या एका ओळीवर. ती ओळ अशी लिहा: ‘५,००० रुपये, दहा महिने, दरमहा मुद्दल ५०० रुपये, शिल्लक मुद्दलावर महिना शेकडा २ रुपये व्याज, पहिला हप्ता अमुक तारखेला.’ वाचून दाखवा. कर्ज घेणारीने आपल्या तोंडाने परत सांगावं. तिला सांगता आलं तर समजलं.

आता बैठकीत कशानंतर काय घ्यायचं, हा मुद्दा. आपल्याकडे पहिल्यांदा पैसे गोळा करतात. मला हे पटत नाही. पैसे दिले, पासबुक मिळालं, की बाईचं काम झालं, ती कशाला बसेल? म्हणून हजेरी झाली की आधी मागच्या बैठकीची वही वाचा. मागच्या वेळी कोणी काय करायचं ठरलं होतं, ते झालं का, हे विचारा. मग जो काही बोलायचा विषय असेल तो घ्या: रेशनचं, अंगणवाडीचं, कोणाच्या घरी मारहाण होत असेल त्याचं. त्यानंतर बचत आणि परतफेड. नोटा सतरंजीच्या मधोमध ठेवून सगळ्यांसमोर मोजा, आणि रक्कम मोठ्याने सांगा. कर्जाची मागणी अगदी शेवटी. त्यासाठी सगळ्या थांबतात, आणि पेटीत किती आहेत ते तोवर कळलेलंही असतं.

मागणी ज्या बाईची, तिनेच तोंडाने करावी. दुसरीने तिच्या वतीने केली की पुढं भानगडी होतात. पण कारण खोदून विचारू नका. दवाखाना म्हणाली, पुरे. कसला दवाखाना, कोणाचा, ते चारचौघीत कशाला? पैसे कमी आणि मागण्या जास्त असल्या तर दवाखाना, बाळंतपण, शाळेची फी आधी. शेळी आणि शिलाई मशीन पुढच्या आठवड्याला थांबू शकतात. अध्यक्षांची मागणी शेवटी घ्यावी, असा नियम एखाद्या गटाने केला तर मी त्यांच्या पाठीशी आहे.

वेळेवर येण्याबद्दल फार सांगत नाही. उशिरा येणारीला पाच-दहा रुपये दंड ठेवतात. पण दंड पडतो कोणावर, ते एकदा वही उलटून बघा. बहुतेक वेळा जिला मुकादमाने उशिरा सोडलं तिच्यावरच. कापूस वेचणीत आणि सोयाबीन काढणीत वार-वेळ बदलून घ्या, ते दंडापेक्षा बरं.

बोलण्याचं मात्र अवघड आहे. एकाच गटात सासू आणि सून असतात. सासूबाई ‘हो’ म्हणाल्या की सून ‘नाही’ कशी म्हणेल? शेताची मालकीण आणि तिच्याकडे रोजाने जाणारीही एकाच सतरंजीवर असतात. तिथं ‘कोणाची काही हरकत?’ असं विचारलं तर सगळीकडे सामसूम होते, आणि आपण लिहितो ‘सर्वानुमते’. ही सामसूम म्हणजे होकार नव्हे. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येकीला तीन चिंचोके द्या. एकदा बोललं की एक चिंचोका मध्ये टाकायचा. जिचे तिन्ही संपले तिने गप्प बसायचं, आणि जिच्या हातात तिन्ही उरलेत तिला विचारायचं, ‘आक्का, तुम्हाला काय वाटतं?’ पहिल्यांदा हसू येतं, हसू द्या. सुरुवात दरवेळी वेगळ्या टोकाकडून करा; दारापाशी बसणारीला एखाद्या वेळी पहिला मान द्या. आणि कोणाला पटलं नसेल तर वहीत तसं लिहा: ‘दहा जणी बाजूने, दोघींची हरकत.’ त्याने गट फुटत नाही. दाबून ठेवलेल्या गोष्टीनेच फुटतो.

ठरलेल्या कामाला नाव आणि तारीख लावा. ‘बँकेत जाऊन यायचं’ असं लिहिलं की कोणीच जात नाही, किंवा दरवेळी एकच ताई आपला रोज बुडवून जाते. पाळी लावा, दोघी-दोघींनी जा, एसटीचं भाडं गटातून द्या. म्हणजे बँकेचं काऊंटर सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

आता शेवटचं, गटाबाहेरच्या एका बैठकीचं. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. ती झाली की नाही, हे कित्येक बायकांना कळतच नाही. शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, ‘काकू, सही करा’ म्हणतो, आणि महिला सभा झाली! २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, पण खुर्चीवर बाई असली तरी रजिस्टर असंच दारोदार फिरत असेल तर काय उपयोग? दारात आलेल्या शिपायाला एवढंच म्हणा, ‘वाचून दाखवा भाऊ, वर काय लिहिलंय?’ काही लिहिलेलं नसेल तर सही करू नका. उगाच भांडूही नका, तो बिचारा सांगितलेलं करतो.

त्याऐवजी असं करा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा दिवसांच्या आसपास ग्रामसभा असते, हे आपल्याला माहीत आहे. पंधरा दिवस आधीच्या गटाच्या बैठकीत विषय घ्या: गावातला कोणता प्रश्न मांडायचा? दहा प्रश्न नेऊ नका, दोन न्या. नळाला पाणी कोणत्या गल्लीत येत नाही, रस्त्यावरचा कोणता दिवा किती दिवसांपासून बंद आहे, असं नेमकं लिहून न्या. ग्रामसंघाच्या बैठकीत बाकीच्या गटांशी बोला, दोन्ही प्रश्न एकच ठरले तर उत्तम. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, की महिला सभा बायका शेतातून परत आल्यावर ठेवा. अर्जाची एक प्रत करून तिच्यावर पोच घ्या. ती पोच गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.

पुढच्या भागात रोकडवही कशी लिहायची ते बघू. जमलं तर आपल्या गटाची वही जवळ घेऊन रेडिओपाशी बसा. तोवर नमस्कार.